अपस्मारावर शस्त्रक्रिया की यंत्र? मुंबईतील एका रुग्णालयाच्या तपासणी-सेवेचा आढावा

औषधांना दाद न देणाऱ्या अपस्माराच्या, म्हणजे वारंवार फिट येण्याच्या आजाराच्या, रुग्णांसाठी मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील एका मोठ्या खासगी रुग्णालयात शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीचा स्वतंत्र कार्यक्रम चालवला जातो, त्याचा हा आढावा आहे. माझा धाकटा भाऊ त्यातून गेला आणि त्याच्यासोबत आई व मी आळीपाळीने राहिलो. रुग्णालयाचे नाव देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्या एकट्या त्या रुग्णालयापुरत्या असाव्यात असे मला वाटत नाही. मत आधीच सांगून टाकते: तिथली तपासणी उत्तम आहे, शस्त्रक्रिया विभाग विश्वासार्ह आहे, मात्र या दोहोंच्या मध्ये जे समुपदेशन होते ते रुग्णाला आणि नातेवाइकांना भलत्याच प्रश्नात गुंतवून ठेवते.

तो प्रश्न म्हणजे ‘शस्त्रक्रिया करायची की यंत्र बसवायचे?’ समुपदेशनाच्या खोलीत आम्हाला एक छापील कागद देण्यात आला. त्यावर दोन रकाने होते. एकात मेंदूवरील शस्त्रक्रिया, दुसऱ्यात व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेटर म्हणजे व्हीएनएस, मानेतील नसेला विजेचे सौम्य स्पंद देणारे यंत्र. खाली रुग्णालयात राहण्याचे दिवस, भूल, जोखीम आणि पॅकेजची रक्कम. पहिल्या रकान्यात जोखमीपुढे ‘मध्यम’ आणि दुसऱ्यात ‘कमी’ असे लिहिलेले होते. कोणत्याही मध्यमवर्गीय घरात असा कागद आला की काय होईल ते सांगायला नको. आईने तिथल्या तिथे ‘डोक्याला हात न लावता भागत असेल तर तेच करू’ असे म्हणून टाकले, आणि समुपदेशक बाईंनी मान डोलावली. एका उपचाराचे ध्येय फिट पूर्ण थांबवण्याचे असते आणि दुसऱ्याचे त्या कमी करण्याचे, ही मुख्य गोष्ट त्या कागदावर कुठेच नव्हती.

येथे थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. योग्य निवडलेली आणि पुरेशा मात्रेत घेतलेली दोन औषधे देऊनही फिट थांबत नसतील, तर त्या अपस्माराला औषधांना दाद न देणारा म्हणावे, अशी अपस्मारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेची २०१० पासूनची व्याख्या आहे. दोनच औषधांवर रेघ का ओढली, याचे उत्तर स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिळते. तिथे पहिल्याच औषधाने ४७ टक्के रुग्णांच्या फिट थांबल्या, दुसऱ्याने आणखी १३ टक्क्यांच्या, आणि त्यानंतर तिसरे औषध किंवा औषधांची जोडी लागू पडली ती जेमतेम ४ टक्क्यांना. मधल्या काळात कितीतरी नवी औषधे आली, तरी २०१८ मध्ये त्याच गटाने पुन्हा हिशेब मांडला तेव्हा चित्र फारसे बदललेले नव्हते. माझ्या भावाची चार औषधे झाली होती. दर वेळी ‘हे नवीन आहे, बघू या’ असे ऐकून आम्ही कल्याणच्या केमिस्टकडून पुढची पट्टी आणत राहिलो, आणि तो लोकलच्या दारात उभा तर नाही ना, हा घोर घरात कायम राहिला.

आता तपासणीविषयी, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण पैसे खऱ्या अर्थाने सार्थकी लागतात ते इथेच. व्हिडिओ ईईजीच्या, म्हणजे मेंदूतील विद्युतलहरी आणि रुग्णाचे चित्रण एकाच वेळी नोंदवणाऱ्या तपासणीच्या, खोलीत रुग्णाला दाखल करून त्याची औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी केली जातात, जेणेकरून फिट यावी आणि ती नोंदवली जावी. वर्षानुवर्षे फिट येऊ नये म्हणून धडपडलेल्या माणसांना फिटची वाट पाहत बसणे फार विचित्र वाटते. हातात सुई लावलेली असते, पलंगाचे कठडे वर असतात, डोक्यावर तारा चिकटवून वर पट्टी गुंडाळलेली असते आणि छताजवळचा कॅमेरा अहोरात्र चालू असतो. नातेवाइकांकडे एक बटण असते. फिट सुरू झाल्यासारखे वाटले की ते दाबायचे.

भावाची पहिली फिट आली तेव्हा आईने सवयीप्रमाणे त्याचा हात घट्ट धरला. टेक्निशियन धावत आत आला आणि म्हणाला, ‘आई, हात सोडा, पांघरूण बाजूला करा, मला दोन्ही हात दिसू द्या.’ सिस्टरांनी त्याला ‘लाल फुगा’ हे शब्द ऐकवले, पेन दाखवून हे काय आहे ते विचारले, हात वर करायला सांगितले. तो ओठ चाटत होता, उजव्या हाताने शर्टाचे बटण चाचपत होता, डावा हात मात्र मनगटात वळून ताठ झाला होता, आणि मध्येच तो अगदी स्पष्टपणे ‘थांब, थांब’ असे म्हणाला. शुद्धीवर आल्यावर त्याला फुगा आठवत नव्हता आणि आपण बोललो हेही आठवत नव्हते. नंतर डॉक्टरांनी तीच चित्रफीत लावून आम्हाला समजावले की चाळा करणारा हात बहुधा फिटच्या उगमाच्याच बाजूचा असतो, ताठ होणारा हात विरुद्ध बाजूचा, आणि फिट चालू असताना नीट बोलता येते तेव्हा तिचा उगम सहसा भाषा सांभाळणाऱ्या बाजूला नसतो. तिन्ही खुणा उजव्या बाजूकडे बोट दाखवत होत्या, आणि त्याच क्षणाची ईईजीही उजव्या टेम्पोरल लोबचेच, म्हणजे कानाजवळच्या मेंदूच्या भागाचेच, नाव घेत होती. आईने हात धरून ठेवला असता, तर यातला निम्मा पुरावा कॅमेऱ्याला दिसलाच नसता. त्या टेक्निशियनला माझे पूर्ण गुण.

एमआरआयचा अनुभवही सांगण्यासारखा आहे. भावाच्या जुन्या एमआरआयच्या अहवालात सारे ‘नॉर्मल’ होते. या रुग्णालयात अपस्मारासाठीच्या खास पद्धतीने, हिप्पोकॅम्पसच्या (टेम्पोरल लोबच्या आतला, आठवणी साठवण्याशी संबंधित भाग) बेताने पातळ छेद घेऊन, ३ टेस्ला यंत्रावर एमआरआय केला, तेव्हा उजवा हिप्पोकॅम्पस आक्रसलेला आणि व्रण पडलेला दिसला. तान्हेपणी ताप चढून त्याला बराच वेळ आकडी आली होती. अशा इतिहासाशी या दोषाचे नाते जुनेच आहे. पेट स्कॅनमध्येही त्याच भागात साखरेचा वापर कमी दिसला. सगळे पुरावे एका जागी मिळत असल्यामुळे मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड घालून करायची पुढची तपासणी आमच्या वाट्याला आली नाही. ज्यांचे पुरावे आपसात जुळत नाहीत त्यांना त्या पायरीवरून जावे लागते, आणि तेव्हा खर्च व काळजी दोन्ही वाढतात.

स्मरणशक्तीच्या चाचणीबाबत मात्र माझी ठाम तक्रार आहे. शब्दांची यादी ऐकवून काही वेळाने ती परत विचारायची, हा त्या चाचणीचा गाभा. ती यादी इंग्रजीत होती. मराठी माध्यमात शिकलेल्या आणि घरीदारी मराठीच बोलणाऱ्या माणसाची इंग्रजी शब्दांवर स्मरणशक्ती मोजली, तर हाती काय लागणार? शस्त्रक्रियेनंतर स्मरणशक्तीवर किती परिणाम होईल याचा अंदाज याच आकड्यांवरून बांधतात, म्हणून हा हट्टाचा भाग नव्हे. आम्ही लेखी विनंती केल्यावर मराठी यादी असलेल्या दुसऱ्या मानसतज्ज्ञांकडून चाचणी परत झाली आणि त्याचे गुण बरेच वाढले. मुंबईत राहून ही विनंती करावी लागावी, हे मला अजूनही खटकते.

यानंतर न्यूरोलॉजिस्ट, शल्यविशारद, रेडिओलॉजिस्ट आणि मानसतज्ज्ञ यांची एकत्र बैठक होते आणि तिचा निष्कर्ष लेखी मिळतो. हे पत्र म्हणजे या सेवेतील सर्वांत मौल्यवान वस्तू होय. आमच्या पत्रात उजव्या टेम्पोरल लोबचा पुढचा भाग आणि हिप्पोकॅम्पस काढण्याची शिफारस स्पष्ट शब्दांत होती, आणि व्हीएनएसचा उल्लेख ‘शस्त्रक्रिया शक्य नसल्यास’ एवढाच होता. म्हणजे एकाच रुग्णालयातील डॉक्टरांचे पत्र एक क्रम सांगत होते आणि समुपदेशनाचा कागद तेच दोन पर्याय शेजारी शेजारी मांडून निवडा म्हणत होता. पत्र यायच्या आत समुपदेशन उरकण्याची ही पद्धत रुग्णालयाने बदलली पाहिजे.

डॉक्टरांचा क्रम कशावर आधारलेला आहे, तेही पाहू. कॅनडातील २००१ च्या चाचणीत टेम्पोरल लोबच्या अपस्माराचे ८० रुग्ण चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागले होते. वर्षभरानंतर शुद्ध हरपवणाऱ्या फिटपासून मुक्त झालेले रुग्ण शस्त्रक्रियेच्या गटात ५८ टक्के होते आणि औषधांच्या गटात ८ टक्के. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समध्ये मुलांवर झालेल्या अशाच चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. तिथे फिटमुक्त झालेल्यांचे प्रमाण ७७ आणि ७ टक्के होते. लंडनमधील रुग्णांचा दीर्घकाळ माग ठेवणाऱ्या अभ्यासात दहा वर्षांनंतरही जवळजवळ निम्मे रुग्ण फिटमुक्त होते. याचा दुसरा अर्थही लपवता कामा नये: बाकीच्या निम्म्यांना कधी ना कधी फिट पुन्हा आल्या. शस्त्रक्रिया म्हणजे हमी नव्हे.

आणि हा काही कालपरवाचा प्रयोगही नव्हे. भारतातील पहिली अशी शस्त्रक्रिया डॉ. जेकब चंडी यांनी वेल्लोरला १९५२ मध्ये केली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस काढण्यात आले आणि नव्या आठवणी साठवण्याची त्याची क्षमता कायमची गेली. ‘मेंदूचे ऑपरेशन केले की माणूस सगळे विसरतो’ ही भीती लोकांच्या मनात कुठून येते हे यावरून कळते. आज मात्र एकच बाजू काढतात, आणि दुसरी बाजू भार पेलू शकते का हे आधी पाहतात. डावी, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत भाषेची बाजू काढायची असेल, तर शब्द आणि नावे आठवण्यावर परिणाम होण्याची शक्यता खरीच असते. भावाची बाजू उजवी होती, आणि आमचा निर्णय त्यामुळे सोपा झाला. डावी असती तर मी हा आढावा इतक्या ठामपणे लिहिला असता की नाही, कोण जाणे.

यंत्रांना मी कमी लेखत नाही. शेजारच्या खोलीत एक शाळकरी मुलगी होती. तिच्या फिटचा उगम एका जागी नव्हता. मेंदूच्या अनेक भागांतून त्या येत आणि ती उभ्याची धाडकन कोसळत असे, म्हणून घरातही तिच्या डोक्यावर हेल्मेट असे. तिला व्हीएनएस बसवलेला होता. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली त्वचेच्या आत छोटी बॅटरी आणि तिथून मानेतील डाव्या व्हेगस नसेभोवती गुंडाळलेली तार, एवढाच त्याचा पसारा. सहसा तीस सेकंद विद्युतप्रवाह आणि पाच मिनिटे विश्रांती, असे चक्र दिवसरात्र चालू राहते. ती कविता म्हणून दाखवत असे तेव्हा मध्येच आवाज घोगरा होई, ती थांबे, आणि अर्ध्या मिनिटाने जिथे सोडली तिथून पुढे म्हणू लागे. तिच्या आईच्या मनगटावर एक चुंबक बांधलेला असे. फिटची चाहूल लागली की तो छातीवरून फिरवायचा, म्हणजे प्रवाहाचा एक जादा हप्ता मिळतो. पडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले असे त्या माउली सांगत होत्या, आणि तेवढ्यावर त्या समाधानी होत्या. त्यांच्यापुढे शस्त्रक्रियेने फिटचा उगम काढून टाकण्याचा पर्याय नव्हताच.

नेमके हेच या यंत्राचे स्थान आहे. अमेरिकेत त्याला १९९७ मध्ये मान्यता मिळाली, म्हणजे अनुभव दांडगा आहे. काही वर्षे वापरल्यावर साधारण निम्म्या रुग्णांच्या फिट निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी होतात. पूर्ण थांबणारे फार थोडे. प्रवाह टप्प्याटप्प्याने वाढवावा लागत असल्याने परिणाम दिसायला महिने जातात, बॅटरी संपली की ती बदलण्यासाठी पुन्हा छोटी शस्त्रक्रिया लागते, आणि पुढे एमआरआय करायचा झाला तर आधी यंत्राचे मॉडेल सांगून परवानगी घ्यावी लागते. त्या छापील कागदावर बॅटरी बदलण्याच्या खर्चाचा उल्लेखच नव्हता.

डीप ब्रेन स्टिम्युलेशन म्हणजे डीबीएसमध्ये मेंदूच्या आत, मध्यभागी असलेल्या थॅलॅमस या भागापर्यंत इलेक्ट्रोड नेतात. ११० रुग्णांच्या अमेरिकन चाचणीत पाच वर्षांनंतर फिटमध्ये सरासरी म्हणता येईल अशी ६९ टक्के घट दिसली आणि २०१८ मध्ये तिकडे अपस्मारासाठी मान्यता मिळाली. काही रुग्णांनी उदासपणाची आणि विसराळूपणाची तक्रार केली, हेही नोंदलेले आहे. फिटचा उगम ओळखून तिथेच उलट स्पंद देणारे आरएनएस हे यंत्र अमेरिकेत २०१३ पासून मान्य आहे; कवटीतच बसवायचे असल्यामुळे ‘डोके उघडायचे नाही’ हा मुद्दा त्याला लागूच होत नाही. आमच्या नातेवाइकांपैकी एकाने ‘आता मेंदूत चिप बसवतात, सगळे आजार जातात’ असा व्हॉट्सॲप संदेश पाठवला होता. ती चिप हातपाय लुळे पडलेल्यांना संगणक चालवता यावा म्हणून आहे. अपस्माराशी तिचा संबंध नाही.

जोखमीच्या रकान्यात आणखी एक ओळ असायला हवी होती: काहीच न करण्याची जोखीम. अपस्मार असलेल्या प्रौढांमध्ये दर वर्षी हजारांत सुमारे एकाचा अचानक, बहुधा झोपेत, मृत्यू होतो. मोठ्या फिट आटोक्यात नसतील तर हा धोका बराच वाढतो. पडणे, भाजणे, प्लॅटफॉर्मच्या कडेला शुद्ध हरपणे, हे सारे वेगळेच. डॉक्टरांनी हे विचारल्यावर सांगितले, तेही आईला बाहेर बसवून. त्यांची कणव मी समजू शकते, पण निर्णय ज्यांनी घ्यायचा त्यांच्यासमोर पूर्ण हिशेब मांडलाच पाहिजे. लग्नाच्या बाजारात आजार झाकण्याची सवय आपल्याकडे इतकी मुरलेली आहे, की १९९९ मध्ये विवाहाचा कायदा बदलून अपस्माराची अट काढून टाकली तरी घरोघरी कुजबुज तीच. रुग्णालयाने त्या कुजबुजीत सामील होऊ नये.

पैशांविषयी. आमच्या अंदाजपत्रकात एकट्या यंत्राची किंमत मेंदूवरील शस्त्रक्रियेच्या संपूर्ण पॅकेजच्या वर जात होती, हे पाहून आम्हालाही आश्चर्य वाटले. विम्याच्या बाबतीत सावध राहावे: केवळ तपासणीसाठी दाखल होणे वगळणारे कलम आपल्या आरोग्य विम्यात असते, आणि त्याच कलमाखाली आमचा व्हिडिओ ईईजीचा दावा टीपीएने, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेने, फेटाळला. शस्त्रक्रियेचा दावा मंजूर झाला. ज्यांना खासगी रुग्णालय परवडत नाही त्यांनी परळच्या केईएमचा मार्ग आधी धरावा. तिथे अपस्माराच्या शस्त्रक्रिया होतात, फक्त रांग आणि संयम यांची तयारी ठेवावी लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत १९९५ पासून असा कार्यक्रम आहे, आणि कुर्ल्याहून नेत्रावती एक्सप्रेस पकडून तिकडे जाणारी मराठी कुटुंबे आम्हाला याच वॉर्डात भेटली.

शस्त्रक्रियेनंतर भावाची शुद्ध हरपवणारी फिट अद्याप आलेली नाही. पोटातून काहीतरी वर चढल्यासारखे त्याला अधूनमधून वाटते आणि ते तेवढ्यावर ओसरते. औषधे चालू आहेत. ती इतक्यात बंद होणार नाहीत, याची कल्पना रुग्णालयाने नीट दिली होती. डिस्चार्जनंतर फोन उचलणारी एक अनुभवी सिस्टर कार्यक्रमासाठी नेमलेली आहे, आणि ती खरोखर फोन उचलते. दृष्टीच्या बाबतीत मात्र ‘किरकोळ परिणाम संभवतो’ एवढेच संमतिपत्रात होते. प्रत्यक्षात त्याच्या दृष्टीचा डावीकडचा वरचा कोपरा गेला आहे: प्लॅटफॉर्मवरचा इंडिकेटर त्या बाजूला आला तर मान पूर्ण वळवल्याखेरीज त्याला तो दिसत नाही. त्याची यावर तक्रार नाही, कारण आता तो एकटा प्रवास करतो. तरी दृष्टिक्षेत्राची चाचणी शस्त्रक्रियेच्या आधी एकदा आणि नंतर एकदा अशी दोनदा व्हायला हवी होती. आमची नंतरचीच झाली, तीही मागितल्यावर, आणि तिचे पैसे पॅकेजच्या बाहेर वेगळे भरावे लागले.